देवात बसवलेली चिलीम

माझ्याकडे चांदीचे पाइप आहेत असं मेहकरात कुणाला सांगितलं, की पहिला प्रश्न येतो, "किती इंची?"

यात त्यांची काही चूक नाही. आमच्याकडे पाइप म्हणजे बोअरचा, ठिबकचा, नाहीतर मोरीचा. तंबाखू ओढायचा पाइप जुन्या सिनेमातल्या साहेबाच्या तोंडात पाहिलेला, तेवढाच. म्हणून मग नाइलाजानं चिलीम म्हणावं लागतं, आणि चिलीम म्हटलं की समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. "मॅडम, तुमी?" हो बाबा, मी. जन्मभर हायस्कुलात भूगोल शिकवला, तीच मी. थायलंड, लाओस, ब्रह्मदेश इकडच्या डोंगरांत राहणाऱ्या लोकांचे जुने चांदीचे पाइप मी जमवते. ओढत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अर्ध्या गावाला वाटतं मी ओढते आणि उरलेल्या अर्ध्याला वाटतं विकते.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या गल्लीत एक गृहस्थ जुनी कुलपं जमवतात. गंजलेली, चाव्या हरवलेली, पिशव्या भरभरून. त्यांना सगळे अभ्यासू माणूस म्हणतात, शाळेत बोलावतात, शाल-नारळ देतात. मी पाइप जमवले की 'मॅडमले येड लागलं'. बाईनं जमवायचे ते स्टीलचे डबे. एकदा पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला फोन करून एका लाहू पाइपाबद्दल विचारत होते. पाइपाचं तोंड बदललेलं आहे का, साखळी मूळची आहे का, असे साधे प्रश्न. तर तो मधाळ आवाजात म्हणाला, "ताई, साहेबांना देता का जरा फोन?" साहेब तेव्हा अंगणात गाडी धूत होते. एवढी वर्षं त्या डोंगरांत काढूनही लाहू आणि आखा या तिथल्या दोन जमातींत फरक काय असं त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी दोन्ही पालेभाज्या आहेत असं सांगितलं असतं.

साहेब म्हणजे आमचे हे. रस्ते बांधणाऱ्या कंपनीत सर्व्हेअर होते. कंपनीचं काम थायलंडच्या उत्तरेला आणि पुढं लाओसमध्ये होतं, आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मी तिकडं जायची. हे दिवसभर साइटवर. मी एकटी बाजारात फिरायची. तिथं पहिल्यांदा पाहिलं, की भाजी विकणाऱ्या बाया तोंडात पाइप धरून बसतात. तरण्या बाया, म्हाताऱ्या बाया, कुणाची लाज नाही, कुणाचा धाक नाही. गिऱ्हाईक आलं की पाइप दातांत धरून जुडी बांधायची. आमच्याकडे बाई घासते ती मिसरीसुद्धा कोपऱ्यात तोंड करून. मला त्या बायांचा इतका हेवा वाटला की काय सांगू. पाइप जमवण्याचं खूळ तिथूनच लागलं.

जुने पाइप चांदीचे असतात. काही अख्खे चांदीचे, काहींची दांडी बांबूची आणि त्यावर चांदीची तार गुंडाळलेली. ती चांदी बरीचशी आपलीच आहे, हे कळलं तेव्हा मला गंमत वाटली होती. इंग्रजांच्या काळातले राणीछाप रुपये व्यापाराच्या वाटेनं तिकडच्या डोंगरांत पोचले, आणि तिथल्या कारागिरांनी ते वितळवून दागिने केले, पाइप केले. मी एकेक करत घेतले. बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट करून त्यात मांडले. त्यातला सगळ्यात चांगला होता एका आखा म्हातारीकडून घेतलेला. वीतभर लांब, पुढचा तंबाखू भरायचा भाग लहानशा कळशीसारखा, त्यावर तारेच्या बारीक वेटोळ्यांची नक्षी, आणि कडेला साखळीला लटकलेला तंबाखू कोरायचा चांदीचा आकडा. नक्षीच्या खाचांत काळपट झाक बसलेली होती. जमवणाऱ्या माणसाला त्या काळेपणाचं मोल असतं, कारण तो एका दिवसात येत नाही. आत तंबाखूचं कीट जळून जळून घट्ट झालेलं. नाकाशी नेलं की अजून वास यायचा. घर जळालं तर एकच वस्तू घेऊन पळेन, ती ही, असं मी यांना सांगून ठेवलं होतं. हे म्हणाले होते, "अन् मी?"

आता नणंदबाईंचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

यांची धाकटी बहीण आमच्याकडेच राहते. लग्न करून हिवरा आश्रम गावात दिली होती. वर्ष-दीड वर्षात नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला टाकली. सोडली नाही, कागद केले नाहीत, नुसती टाकली. बाईमाणसाबद्दल हा शब्द आमच्याकडे किती सहज वापरतात. ती भावाकडं आली आणि राहिली. गळ्यात मंगळसूत्र आहे, नवरा तिकडं जिवंत आहे, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कुणी मनापासून बोलावत नाही, आणि सवाष्ण म्हणून जेवायला तर नाहीच. मी गेले की विचारतात, "ताई नाही आल्या?" ताईंना आमंत्रण दिलेलंच नसतं. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला वैनी. आमचं काही वाकडं नव्हतं. त्या देवपूजा करायच्या, मी पाइप पुसायची, हे पेपर वाचायचे, असं चाललं होतं.

मागच्या वर्षी देऊळगाव राजाला दिलेल्या माझ्या मुलीला डेंग्यू झाला. मी तिच्याकडं जाऊन राहिले. तिला बरं वाटेपर्यंत पंधरा-वीस दिवस गेले. घरून फोन यायचा, हे म्हणायचे, "इकडं सगळं मस्त आहे. तू आराम करून ये." नवरा असं म्हणाला की बाईनं लगेच घरी जावं, एवढं साधं मला कळायला हवं होतं.

परतीच्या एसटीत सुलतानपूरला एक बाई चढली. सोबत सून, हातात नारळ-फुलांची पिशवी. माझ्याशेजारी बसली. मी आपलं सहज विचारलं, "कुठं चाललात?"

"मेहकरले. चिलमीच्या दर्शनाले."

"कोणत्या चिलमीच्या?"

"मायबाई! तुमाले माहीतच नाही? चांदीची चिलीम निघाली म्हणते एका मास्तरीनबाईच्या घरी. आपोआप."

"कुठून निघाली?"

"कोणी म्हणते जमिनीतून, कोणी म्हणते कपाटातून."

कपाट हा शब्द ऐकला आणि मी सावरून बसले.

"थ्या मास्तरीनबाईले तं म्हणे पत्ताच नव्हता," ती सुनेला सांगायला लागली. "घरात देव अन् तिले माहीत नाही. शिकलेल्या बायाईचं असंच असते. तिच्या नणंदेले दृष्टांत झाला, मंग कळलं."

मेहकर येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. बोलले असते तर कंडक्टरनं मला उतरवलं असतं.

घरापुढं चपलांचा ढीग. माझ्या घरापुढं! आत बैठकीत सतरंज्या, उदबत्तीचा धूर, टाळ्यांचा आवाज. आणि ताई नव्या साडीत दारातच भेटल्या. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "आल्या वैनी? हात-पाय धुवा पह्यले, मंग दर्शन घ्या."

माझ्याच पाइपाचं दर्शन घ्यायला मी हात-पाय धुवायचे! न धुताच गेले. देव्हाऱ्यात मधोमध, चांदीच्या ताटलीत तो ठेवला होता. झगमगत होता. चिंच लावून, रांगोळीनं घासून घासून त्याची खाच न् खाच पांढरी केलेली. आतलं सगळं कीट खिळ्यानं खरवडून काढलेलं. दांडीला लाल नाडा. नक्षीत हळद-कुंकू आणि पंचामृताचं दही वाळलेलं. तो कोरायचा आकडा साखळीतून सोडवून पुढं उभा रोवला होता, बाया त्याला त्रिशूळ म्हणून हात लावत होत्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायांना वाटलं मला भक्तीनं भरून आलं. एकीनं माझ्या कपाळाला अंगारा लावला.

बाया गेल्यावर मी जे तोंड सोडलं ते सोडलं. ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हे पेपरमागं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं कपाट उघडायला?"

"वैनी, तुमीच तं म्हणल्या होत्या," ताई म्हणाल्या. "ही चिलीम सगळ्यात जुनी आहे म्हणल्या, हिले कोणी हात लावायचा नाही म्हणल्या. आता हात कायले लावत नसतात माणसं? देवालेच ना? मले वाटलं तुमाले सांगाले लाज वाटत असन. शिकलेल्या ना तुमी."

चूक झाली ती एका शब्दानं झाली, आणि तो शब्द मीच घरात आणला होता. आमच्या जिल्ह्यात चिलीम म्हटलं की गांजेकस आठवत नाही, हातात चिलीम घेतलेले महाराज आठवतात. घरोघरी फोटो आहे, माझ्या माहेरी होता, आजही मी हात जोडते. पण महाराजांची चिलीम वेगळी आणि हा आखा बाईचा पाइप वेगळा, हे मी किती वेळा सांगावं? चिलीम मातीची, सरळ, उभी धरायची. हा वाकडा, आडवा, चांदीचा. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असन. रूप येगयं असन."

"ते काही नाही. मी तो काढून कपाटात ठेवते."

"नोका वैनी!" त्या एकदम आडव्या आल्या. "गुरुवारी बसवली मी. देवात बसवलेलं उचलत नसतात. घर बसते."

मी यांच्याकडं पाहिलं. यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "राहू दे ना. घरातच तं आहे. तुह्या कपाटापासून देव्हारा चार हातावर. तिथं काचेत होती, इथं ताटलीत आहे. काय फरक पडते?"

काय फरक पडते! माणूस एवढी वर्षं सोबत राहतो आणि शेवटी हे विचारतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. यांच्या गाडीला उद्या कुणी हार घालून देवळात नेऊन उभी केली आणि वर म्हटलं की गावातच तर आहे, म्हणजे कळेल काय फरक पडतो ते.

मी लगेच उचलून का घेतला नाही, असं मुलीनं मला फोनवर विचारलं. घेणारच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुढं केलाही होता. पण दारात एक म्हातारी उभी होती, कुठल्या तरी खेड्यातून पायी आलेली. ती पाइपाला हात जोडून झाली आणि वळून ताईंच्या पाया पडली. ताईंच्या! ज्यांना गल्लीत कुणी ओटी भरायला बोलावत नाही, त्यांच्या पायावर डोकं ठेवून ती म्हणाली, "माय, तुह्यामुळं दर्शन झालं." ताई गोंधळल्या, मागं सरल्या, मग हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी हात मागं घेतला. पण राग मागं घेतला नाही, हे लक्षात ठेवा. मी रोज भांडत होते. सकाळी चहाला भांडत होते, संध्याकाळी भाजी निवडताना भांडत होते. पंचामृत घालू नका म्हणून भांडले, तर त्यांनी दही बंद केलं आणि मध चालू ठेवला.

दर गुरुवारी भजन सुरू झालं. महिला भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई पेटी घेऊन यायला लागल्या. या बाईंचं आमच्यापासून चार घरांवर मोठं घर. बोलणं सगळं हुकुमाचं. पूर्वी रस्त्यात ताई दिसल्या तर त्या पलीकडच्या बाजूनं जायच्या. आता "ताई, ताई" करत स्वयंपाकघरापर्यंत. मला तर त्या 'तुमचं भाग्य थोर' असं म्हणून माझ्याच सोफ्यावर बसायच्या.

एका गुरुवारी भजन आटोपल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आपल्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांचे यजमान सभामंडप बांधताहेत. पौर्णिमेला पालखीतून, बँड लावून, बाजारातून मिरवत चिलीम तिकडं न्यायची. कायमची. तिथं तिची नीट व्यवस्था राहील. इथं ऐन बैठकीत, टीव्हीसमोर देव बरा दिसत नाही.

पाइप घरात होता तोवर निदान दिसत होता. आता बँड लावून जाणार! मी यांच्याकडं पाहिलं तर हे टाळ्या वाजवत होते, बहुतेक सवयीनं. ताईंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. चिलीम गेली की बाया जाणार, हे त्यांनाही कळलं होतं. पण अध्यक्षीणबाईंपुढं बोलायची त्यांची छाती नव्हती.

मी उभी राहिले. म्हटलं, "थांबा. कुणीही काही नेणार नाही. ही वस्तू काय आहे ते आज सगळ्या जणी ऐका."

आणि सांगितलं. थायलंडच्या डोंगरात वर एक पाडा आहे, तिथं मी चढून गेले होते. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती, डोक्याला चांदीच्या मण्यांची टोपी, तोंडात हा पाइप. मी त्याच्याकडं पाहत राहिले म्हणून ती हसली. मला शेजारी बसवलं, भाजलेला मका दिला. खुणांनी बोललो आम्ही. मी नाकातल्या चमकीची किंमत तिला सांगितली, तिनं टोपीची मला सांगितली. निघताना मी पाइप विकत मागितला. तिनं खूप वेळ विचार केला. मग शेवटचे दोन झुरके मारले, राख झटकली, बाहीला तोंडाकडचा भाग पुसला आणि माझ्या हातात ठेवला. तिच्या आईचा होता, असं तिच्या नातवानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. दोघी मायलेकींनी जन्मभर ओढलेला. ना जमिनीतून निघाला, ना दृष्टांतातून आला. दोन कष्टाळू बायांच्या विसाव्याची वस्तू आहे ही, आणि माझी आहे.

मला वाटलं, आता तरी कळेल. खरं सांगते, मला वाटलं, बायाच आहेत, बाईची गोष्ट आहे, कुणाला तरी बरं वाटेल.

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "म्हणजे बाई वढत होती?"

"हो."

"तोंडाले लावून?"

"मग काय कानाला लावून?"

"म्हणजे उष्टी!" त्या ओरडल्याच. "देवात उष्टी चिलीम बसवली! तेही बाईची, अन् काय काय खाणाऱ्या बाईची!"

सतरंजीवर एकदम खळबळ उडाली. जिनं मघाशी तो पाइप डोळ्यांना लावला होता, ती पदरानं डोळे पुसायला लागली. एक म्हणाली, शिव शिव. एक म्हणाली, घरी जाऊन अंघोळ करावी लागन.

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "का हो, चिलीम काय तोंड न लावता ओढतात?"

"चिलीम हातातून वढतात मॅडम, मधात फडकं असते. तोंडाले लागत नाही. एवढं तं माहीत असू द्या."

"बरं. आणि मी म्हटलं असतं की एक बाप्या ओढत होता, तोंडाला लावून, तर?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मंग गोष्ट येगयी असती."

"का वेगळी? बाप्याचं तोंड सोन्याचं असतं? त्याची लाळ म्हणजे प्रसाद आणि बाईची म्हणजे उष्टं? तुम्ही सगळ्या जणी रोज नवऱ्याच्या ताटात जेवता, तेव्हा कुणाला अंघोळ आठवत नाही!"

हे सगळ्यांनाच लागलं, आणि लागावं म्हणूनच म्हटलं होतं. पण अध्यक्षीणबाईंनी माझ्याशी वाद घातला नाही. त्या ताईंकडं वळल्या. ताई देव्हाऱ्याजवळ प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं घेऊन उभ्या होत्या.

"चूक आमचीच झाली," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "कोणाच्या नादी लागलो आपण! जिले नवरा सांभाळता नाही आला, ते देव काय सांभाळन. टाकलेल्या बाईच्या हातची पूजा. उष्ट्याले उष्टंच भेटलं."

ताईंनी पातेलं हळूच खाली ठेवलं.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की पेटी मी स्वतः उचलून अंगणात नेऊन ठेवली, आणि अध्यक्षीणबाईंच्या चपलाही. बाया भराभर उठल्या. जाता जाता एकीनं सल्ला दिला, गोमूत्र शिंपडून ती वस्तू आजच्या आज काढा. शिऱ्याला कुणी हात लावला नाही.

घर रिकामं झालं. ताई मोरीजवळ गेल्या, गोमूत्राची बाटली आणली. देव्हाऱ्यापुढं बसून त्यांनी पाइपाची माळ काढली, नाडा सोडायला घेतला. मला म्हणाल्या, "घ्या वैनी. तुमची तुमाले. लय भांडल्या तुमी त्याच्यासाठी. माहं चुकलं."

अहो, महिनाभर मी हेच ऐकायला भांडत होते! माझा पाइप माझ्या हातात येत होता. कपाटातली त्याची जागा रिकामी होती, मखमलीवर त्याचा ठसा तसाच होता. घासून पांढरा झाला असला, तरी वर्षं गेली की पुन्हा काळा पडला असता. मला फक्त हात पुढं करायचा होता. आणि तोच हात पुढं होईना. देव्हाऱ्यातून ही वस्तू आता बाहेर निघणार होती ती माझी म्हणून नाही, एका बाईच्या तोंडाला लागली म्हणून. आणि सोबत ताईही निघणार होत्या, त्या देव्हाऱ्यापुढच्या पाटावरून, पुन्हा मोरीजवळ. बाटलीतलं ते गोमूत्र कुणावर शिंपडणार होत्या त्या? त्या म्हातारीवर? तिच्या आईवर? की स्वतःवर?

"माळ घाला परत," मी म्हटलं.

"आँ?"

"माळ घाला. देवात बसवलेलं उचलत नसतात."

यांनी पेपर खाली टाकला. "अवं, आता तं काढ! तूच तं डोकं खाऊन राह्यली होतीस महिनाभर. आता तेच म्हणून राह्यले काढा, तं तू—"

"हात तर लावून दाखवा."

यांनी हात लावला नाही. मी गोमूत्राची बाटली मोरीत रिकामी केली. शिरा ताटल्यांत वाढला, आम्ही तिघांनी खाल्ला, आणि उरला तो दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीतल्या दारोदार पाठवला. चिलमीचा प्रसाद म्हणूनच पाठवला. निम्मा परत आला. तो मीच खाल्ला.

आता आमच्याकडं कुणी येत नाही. गुरुवारी ताई एकट्याच भजन म्हणतात. मी टाळ्या वाजवते, मला सूर नाही. माझ्या संग्रहातला सगळ्यात चांगला पाइप रोज सकाळी हळद-कुंकवानं माखतो आणि मी ते उघड्या डोळ्यांनी पाहते. जीव तुटतो. कुणी जाणता माणूस हे पाहील तर मला वेडी म्हणेल, आणि मी त्याच्याशीही भांडेन.

त्या दिवशी शिरा खाऊन झाल्यावर ताई ताटल्या गोळा करता करता देव्हाऱ्याकडं बघत होत्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वैनी, अन् देव कोपला तं?"

"कोपू द्या," मी म्हटलं. "त्याच्या आधी मी कोपलेली आहे."